धूरसुद्धा चुलीतच जळला पाहिजे

नाशिकहून येऊन तुम्ही हिमाचलातल्या बंजारच्या वरच्या अंगाला जुनं घर घेतलंत, पहिला हिवाळा काढलात आणि पत्र्याच्या तंदूरने लाकडाचा सगळा ढीग जानेवारीतच गिळला. रात्री दहाला तंदूर लालबुंद, माणसं लांब सरकून बसलेली. पहाटे तीनला तीच खोली पुन्हा बर्फासारखी. आता जुन्या विटा, तेलाचं रिकामं पिंप आणि अंगणातली माती एवढ्यावर लाकडाचा हीटर बांधायचा आहे, ज्याचा मातीचा ओटा रात्रभर ऊब धरेल. तुमचा प्रश्न एवढाच: आगीभोवती माती किती जाड थापू?

उत्तर: आगीभोवती अजिबात थापू नका.

हे ऐकून तुम्हाला वाटेल तेच मला माझ्या पहिल्या हीटरच्या वेळी वाटलं होतं. आपण मातीची चूल बघत वाढलेली माणसं. जाड माती म्हणजे ऊब टिकणार, हे डोक्यात पक्कं. कुल्लूजवळ एका पाहुणघरात मी चूल आणि आतलं धुराडं चांगल्या नऊ इंच मातीत गाडलं, वरून शेणाने छान सारवलं आणि पेटवलं. पहिला तासभर धूर उलटा खोलीत आला. मालकीणबाई दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या आणि मी "ओल आहे, वाळली की ठीक होईल" म्हणत होतो. दोन महिन्यांनी माती खडखडीत वाळली, धूर तसाच. दोन हिवाळे तसे काढून शेवटी कुदळ घेतली आणि स्वतःच्या हाताने फोडलं. आत धुराड्याला डांबरासारखा काळा, चिकट थर बसलेला. म्हणजे जे जळून ऊब द्यायला हवं होतं, ते न जळताच भिंतीला चिकटलं होतं.

कारण साधं आहे. लाकूड जळतं असं आपण म्हणतो, पण आधी ते तापून त्यातून वायू सुटतात, आणि लाकडातली अर्ध्याहून जास्त ऊर्जा त्या वायूंत असते. ते पूर्ण जळायला ६०० अंशांच्या वर तापमान आणि पुरेशी हवा लागते. आगीच्या आजूबाजूला थंड, जड काही असेल तर ते आधी ती उष्णता पितं, ज्योत थंडावते आणि वायू तसेच धूर होऊन निघून जातात. आपला तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत निखारे, नळीभोवती पाणी. पाणी आहे तोवर ती नळी शंभर अंशांच्या फार वर जाऊच शकत नाही. म्हणून बंब धुरतो. त्याला इलाज नाही, त्याची रचनाच तशी.

मोठमोठ्या माणसांनीही ही ठेच खाल्ली आहे. १९७६ च्या भूकंपानंतर ग्वाटेमालात लोरेना नावाची चूल पसरली. स्पॅनिशमध्ये लोदो म्हणजे चिखल आणि अरेना म्हणजे वाळू, त्यावरून ते नाव. दिसायला देखणी, धूर बाहेर नेणारी, पण तिची जाड माती आगीची उष्णता खाऊन टाकायची आणि स्वयंपाकाला लाकूड काही फारसं वाचायचं नाही. त्या कामात असलेल्या इयांतो इव्हान्स यांनी पुढे अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये मातीच्या घरांबरोबर हा ओट्याचा हीटर घडवला. त्याआधी १९८० च्या दशकात त्याच भागात लॅरी विनियार्स्की यांनी रॉकेट चुलीची तत्त्वं मांडली होती: आगीला हलकं, उबदार पांघरूण घाला आणि वायूंना उभा, तापलेला नळा द्या. इव्हान्स यांनी त्या आगीच्या पुढे मातीचा ओटा जोडला. जड माती गेली नाही, फक्त तिची जागा बदलली.

घरात वैलाची चूल पाहिली असेल तर हे लगेच समजेल. चुलीत आग, आणि शेजारच्या वैलावर उरलेल्या धगीत दूध नाहीतर आमटी. तुमचा ओटा म्हणजे बारा फूट लांब वैल. चुलीचं काम फक्त जाळणं, वैलाचं काम फक्त धग शोषणं. ही दोन कामं एकमेकांत मिसळली की दोन्ही बिघडतात. चुलीतलं लाकूड चुलीतच जळलं पाहिजे असं आपण म्हणतो. इथे धूरसुद्धा चुलीतच जळला पाहिजे.

आता बांधणीकडे. पण त्याआधी एक गोष्ट विचारतो, जी तुम्ही लिहिलेली नाही: खोली कितव्या मजल्यावर आहे? तुमच्याकडची जुनी काठकुणी घरं, म्हणजे देवदाराच्या तुळया आणि दगडाचे एकाआड एक थर, ती बांधलीच अशी की खाली गुरं आणि वर माणसं. बारा फूट लांब, वीस इंच रुंद, दीड फूट उंच ओटा म्हणजे साधारण तीस घनफूट. मातीचं वजन धरलं तर दीड टनाच्या वर. जुन्या फळ्यांच्या तक्तपोशीवर हे ठेवायचं नाही, मिस्त्री कितीही "कुछ नहीं होगा" म्हणो. जुना गोठा साफ करून तिथे बैठकीची खोली करा आणि ओटा जमिनीवर, दगडाच्या पायावर बांधा. ते जमत नसेल तर हा हीटर तुमच्या घरासाठी नाही, असं मी सरळ सांगेन.

तळमजल्याची बारा बाय पंधराची खोली धरून मापं देतो. तुम्हाला ६ इंची प्रकार पुरेल. ६ इंची म्हणजे नळाचा आतला व्यास ६ इंच, छेदाचं क्षेत्रफळ २८ चौरस इंच. हा २८ आकडा कोळशाने भिंतीवर लिहून ठेवा. वाऱ्याची वाट जिथे कुठे जाते, लाकूड घालायचं तोंड, आडवा बोगदा, उभा नळा, ओट्यातला पाइप, धुराडं, तिथे कुठेही २८ च्या खाली जायचं नाही. अपवाद फक्त तोंडाचा: ते साडेपाच बाय पाच इंचाचं ठेवा, थोडं लहान चालतं, कारण त्याने हवा ओढली जाते. बाकी कुठे कंजुषी नको.

आकार इंग्रजी जे अक्षरासारखा. लाकूड तोंडातून उभं खाली जातं, आग खालच्या टोकाला लागते, ज्योत आडवी बोगद्यातून धावते आणि उभ्या नळ्यात चढते. बोगद्याच्या तळापासून तोंडाची उंची १६ इंच, नळ्याची ४८ इंच. नळा तोंडाच्या तिप्पट तरी हवा, नाहीतर धूर तोंडातून परत येतो. बोगदा जितका आखूड ठेवता येईल तितका बरा.

नळ्यावर पिंप उलटं घालायचं. २०० लिटरचं नेहमीचं पिंप सुमारे २३ इंच व्यासाचं आणि ३५ इंच उंच असतं, म्हणजे त्याची कड बोगद्याच्या तळापासून पंधराएक इंचांवर टेकेल, बरोबर तोंडाच्या पातळीला. नळ्याचं टोक आणि पिंपाचं छत यांत किती फट ठेवायची? हिशेब करा. नळ्याच्या तोंडाचा परीघ ६ गुणिले ३.१४, म्हणजे जवळपास १९ इंच. १९ गुणिले दीड इंच जवळपास २८. म्हणजे दीड इंचाला वाट जेमतेम पुरते, राख बसली की कोंडते. म्हणून दोन इंच. अडीच ठेवलीत तरी बिघडत नाही, पिंपाचा माथा जरा कमी तापेल इतकंच.

सगळ्यात जास्त चूक होते ती मात्र पुढे, पिंपाच्या खालून वायू ओट्यातल्या पाइपात शिरतात तिथे. गोल पिंपाच्या कडेला पाइपाचं तोंड नुसतं चिकटवलं जातं आणि अर्धं तोंड मातीने झाकलेलं असतं. बाहेरून काही दिसत नाही. ती जागा दुप्पट मोकळी करा, हाताचा पंजा आत घालून सगळीकडे फिरवता आला पाहिजे. राखही तिथेच साठते, म्हणून त्याच जागी साफसफाईचं झाकण ठेवा.

सामानाबद्दल. बोगदा आणि तोंड फायरब्रिकचं करा, म्हणजे आग सोसणारी भट्टीची वीट, ९ बाय साडेचार बाय ३ इंचाची. ती भंगारात मिळते, जुन्या बेकरीच्या किंवा ढाब्याच्या भट्ट्या मोडतात तिथे विचारा. एक वीट हातात घेऊन दुसरीवर टिचकी मारा, खणखणीत वाजली तर घ्या, बद्द वाजली तर आत तडा आहे. घरातून निघालेल्या लाल विटा पायाला आणि ओट्याच्या बाहेरच्या भिंतीला वापरा. सिमेंट आगीजवळ कुठेही नको, तापून भुगा होतो. फायरब्रिकच्या सांध्यात फक्त माती आणि बारीक चाळलेली वाळू, तीही पातळ, दुधावरच्या सायीइतकी. कधीतरी तोंडाची वीट बदलावी लागतेच, तेव्हा हाताने सुटली पाहिजे.

उभ्या नळ्याला लोखंडी पाइप वापरायचा मोह होईल, भंगारात हवा तेवढा मिळतो. मी वापरून पाहिला आहे. एका हिवाळ्यानंतर पिंप काढलं तर पाइपाला बोट लावताच पापुद्रे हातात आले, तळलेल्या पापडासारखे. वरच्या टोकाला तर भोकंच पडली होती. नळा हलक्या इन्सुलेशन विटांचा किंवा सिरॅमिक फायबरच्या पट्टीचा करा. ही पट्टी कापताना नाकातोंडावर चांगला मास्क बांधा, तिचे बारीक तंतू फुप्फुसात जाता कामा नयेत. पट्टी परवडत नसेल तर पातळ फायरब्रिकचा नळा उभा करून त्याभोवती पत्र्याचं नळकांडं ठेवा आणि मधल्या दोन-तीन इंचांत रोपवाटिकेत मिळतो तो पर्लाइट, मातीच्या पातळ राबड्यात जेमतेम ओला करून भरा. पर्लाइट नसेल तर भाताच्या तुसाची राख चालते. तूस नव्हे, राख. बोगद्याच्या खाली आणि बाजूंनाही हेच हलकं मिश्रण. नदीतला गोटा आगीजवळ नको, आत पाणी असलं तर तो फुटतो. ओट्याच्या पोटात मात्र तेच गोटे उत्तम.

पिंप निवडताना आत पूर्वी काय होतं ते विचारा. कीटकनाशकाचं असेल तर हात लावू नका. तेलाचं असेल तर उघड्यावर, त्यात आणि त्याच्यावर मोठा जाळ करून रंग पूर्ण जाळून टाका, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहून. जस्त चढवलेला पत्रा आगीच्या भागात कुठेही नको, तापला की विषारी वाफ सोडतो. ओट्यातल्या पाइपाला जस्ताचा पत्रा चालतो, तिथवर वायू बरेच निवलेले असतात.

आता जे मी प्रत्येकाला सांगतो आणि जवळजवळ कुणीच करत नाही: माती कालवण्याआधी हे सगळं अंगणात कोरडं रचा. विटा नुसत्या एकावर एक, नळा उभा, पिंप वर, आणि पेटवा. दोन तासांत कळतं. बरोबर जमलं असेल तर आवाज येतो, लांबून येणाऱ्या ट्रकसारखी घुमणारी गुरगुर. बंजारच्याच बाजूला एका घरी मी असं पेटवलं तेव्हा शेजारचे आजोबा येऊन बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "धुआँ तो है नहीं, आग बुझ गई क्या?" तोंडात वाकून पाहिलं तर आत पांढरी ज्योत सपाट झोपून धावत होती. न जमल्यास विटा हलवून पाहायला तिथे काहीच मोडावं लागत नाही. माझे दोन हिवाळे वाचले असते.

ओट्याला माती अंगणातलीच. मूठभर ओली करून लिंबाएवढा गोळा करा, कमरेच्या उंचीवरून टाका. चपटा झाला आणि फुटला नाही तर चिकणमाती पुरेशी. भुगा झाला तर कमी. साधारण एका पाटीला दोन ते तीन पाट्या वाळू, पण एकदम कालवू नका; आधी हातभर लांबीचे दोन-तीन नमुने थापून आठवडाभर वाळवा, ज्याला तडे जात नाहीत ते प्रमाण धरा. पाइपाच्या लगत पेंढा नको, तिथे माती आणि दगड घट्ट ठोकून बसवा, मधे पोकळी राहिली की उष्णता पुढे सरकत नाही. पेंढा किंवा गव्हाचं काड बाहेरच्या थरात घाला, तडे धरून ठेवायला. पिंपाजवळ पाइपावर ६ इंच माती, दुसऱ्या टोकाला ४ पुरे, नाहीतर एका टोकाला बसवत नाही आणि दुसऱ्या टोकाला ऊब जाणवत नाही. माथ्यावर तुमच्याकडची स्लेट घाला, सारवण्यापेक्षा टिकते.

पाइप किती लांब न्यायचा? ६ इंचीला एकूण वीस ते पंचवीस फूट, आणि प्रत्येक काटकोनी वळण पाच फुटांइतकं धरायचं. तुम्ही काढलेल्या चित्रात पाइप ओट्यात जाऊन परत येतो: अकरा आणि अकरा बावीस, वर दोन वळणांचे दहा. बत्तीस. होणार नाही, ओढ मरेल. सरळ भिंतीच्या कडेने बारा फूट न्या, टोकाला एक वळण, तिथे साफसफाईचं झाकण, आणि धुराडं सरळ वर, छपराच्या माथ्यापेक्षा उंच. काश्मीरमध्ये हमामात असंच दगडी फरशीखालून आगीचे वायू फिरवून खोली तापवतात, पण ती वेगळी, मोठी बांधणी.

उष्णतेचा हिशेबही करून टाकू, म्हणजे अपेक्षा जागेवर राहतील. १६०० किलो माती ३० अंशांनी तापवायला साधारण १२ युनिट वीज लागेल इतकी ऊर्जा लागते. कोरड्या लाकडाच्या एका किलोत सुमारे ४ युनिट असतात. म्हणजे ओटा भरायला हिशेबाने तीन किलो. पिंप खोली तापवतं आणि धुराड्यातून काही जातं ते वेगळं. त्यामुळे संध्याकाळी दोन-तीन तास जोरात जाळायचं आणि थांबायचं. तंदूरसारखं झाकण लावून रात्रभर धुमसत ठेवायचं नाही, धुमसणारी आग ही या हीटरची शत्रू. लाकूड मनगटाएवढं जाड आणि वर्षभर वाळलेलं, ओल २० टक्क्यांच्या आत. ओल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असतं आणि त्याची वाफ करण्यातच आग दमते. तुमच्या भागात सफरचंदाच्या छाटणीच्या फांद्या बांधावर पडून असतात, त्या याच्यासाठी जणू मापून कापलेल्या आहेत. या हिवाळ्यातल्या छाटणीच्या पुढच्या हिवाळ्यात जाळा.

बांधकाम पाऊस संपल्यावर, सप्टेंबरअखेर काढा. ओट्यातली ओल जायला सहा-आठ आठवडे लागतात, तोवर रोज लहान आग, आणि त्या दिवसांत हीटर कुरकुरला तर घाबरू नका, ओली माती पाइप थंड ठेवते. कडाक्याच्या सकाळी ओढ लागत नसेल तर धुराड्याच्या तळाच्या झाकणातून कागदाचा एक बोळा पेटवून टाका, मग पुढे चूल पेटवा.

जिवाच्या गोष्टी तीन. पिंपाचा माथा ३०० अंशांच्या वर जातो, त्यामुळे लाकडी भिंत तीन फूट लांब. तुमच्या काठकुणी भिंतीपुढे तर मोकळी हवा सोडून विटांची आडभिंत घालाच. लाकडी तुळयांमधून धुराडं नेताना भोवती रुंद दगडी चौकट ठेवा. आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. डोंगरात दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. त्या वायूला वास नसतो. निखारे असेपर्यंत धुराड्याची झडप बंद करायची नाही, हवेसाठी खिडकीची एक फट कायम उघडी.

शेवटी तुम्ही विचारलं होतं की आंघोळीच्या पाण्यासाठी पिंपाभोवती तांब्याची नळी गुंडाळून टाकीला जोडू का. नका. पाणी अडकलं, नळी गोठली किंवा तोटी बंद राहिली तर आत वाफ कोंडते आणि ती नळी बॉम्ब होते. पिंपाच्या माथ्यावर तांब्याचं मोठं पातेलं ठेवा, झाकण नुसतं वर टेकवलेलं. संध्याकाळी चार तांबे गरम पाणी कुठे गेलं नाही.